चुंबळ

आनंदमेळ्याच्या याद्या मीच केल्या होत्या.
सातवी ब, मखमलाबाद नाक्याजवळची आमची शाळा,
डिसेंबरातला दुसरा शनिवार.
भेळ : ओजस आणि मंडळी.
द्राक्षं : पिंगळे बहिणी (घरचाच मळा, भाव त्या ठरवतील).
डबे पाडा, पत्त्यांची जादू,
आणि मिसळ. मिसळीवरून दोन तास भांडण,
कारण नाशकात ज्याच्या त्याच्या घरचीच मिसळ खरी.

पैसे जाणार विद्यार्थी साहाय्य निधीत.
निधी म्हणजे दोन स्वेटर, एक चष्मा, बसचा पास.
निधी म्हणजे कोण, हे वर्गात कुणी बोलत नसे,
फक्त शब्द निघाला की
चार-पाच माना तिसऱ्या बाकाकडे वळायच्या.
तिथे यमुना गावित,
सुरगाण्याकडची, वसतिगृहात राहणारी,
वहीत समास आखत बसलेली.

यादीत तिचं नाव नव्हतं.
विसरले, असं म्हणता आलं असतं.
पण मी विचार करून गाळलं होतं :
जिच्यासाठी गोळा करायचं
तिलाच कसं बसवायचं गल्ल्यावर?
याला मी तेव्हा नाजूकपणा म्हणत होते.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती दारात.
"बाई, माझा स्टॉल कुठं?"
काय विकशील, विचारलं.
"विकायचं नाही. खेळ हाय."

खिचडी शिजवणाऱ्या सुलाबाईंकडून हंडा आणि कळशी,
स्काऊटच्या स्कार्फची पिळून केलेली चुंबळ,
कडुनिंबापासून झेंड्याच्या खांबापर्यंत फक्कीची रेघ.
पाच रुपये. वीस पावलं. हात लावायचा नाही.
न सांडता पोचलात तर दहा परत.

पहिला ओजस. तिसऱ्या पावलाला आंघोळ.
मग पिंगळे धाकटी, मग थोरली,
मग रांग भेळेच्या टेबलाला वळसा घालून गेटपर्यंत.
कॉलेज रोडच्या एका आईनं चपला काढून ठेवल्या,
पदर खोचला, सहा पावलं गेली,
आणि मुलासमोर लहान मुलीसारखी हसली.
पी.टी.च्या सरांनी शिट्टी तोंडात धरूनच सुरुवात केली,
कळशी पडली ती शिट्टीसकट.

आणि यमुना, जी वर्गात
हजेरीला "हजर"सुद्धा ओठांतच म्हणते,
ती रेघेच्या कडेनं चालत सगळ्यांना दटावत होती :
"मान ताठ. हसायचं नाही, हसलं की हलतं.
पाण्याकडं बघू नका सर,
पाणी बघतंय तुमच्याकडं."

कुणीतरी विचारलं, तू रोज आणायचीस?
"आता नळ आलाय," ती म्हणाली.
"एक दिवसाआड."
आणि पुढच्याचे पाच रुपये घेतले.

मीही दिले. चौदाव्या पावलाला
मानेतून एक थंड ओघळ पाठीवर उतरला.
चौदा पावलं मला दुसरं काहीच सुचलं नव्हतं,
ना याद्या, ना निधी, ना माझा नाजूकपणा.
"बऱ्या चाललात," ती म्हणाली,
जसं मी तिच्या वहीवर लिहिते.

संध्याकाळी हिशोब.
सगळ्यात जास्त अर्थात मिसळीचे.
यमुनाचे सहाशे पंच्याऐंशी, सगळी नाणी ओलसर.
त्यातले चाळीस तिनं बाजूला सरकवले :
"सुलाबाईंना द्या. कळशीला पोचा आलाय, सरांचा."

रात्री घरी निधीचा अर्ज भरायला घेतला.
वर छापलेला शब्द : लाभार्थी.
खाली रेघ. रेघेवर तिचं नाव लिहायचं,
गेल्या वर्षी लिहिलं तसंच.
स्वेटर तर हवाच आहे, गंगेवरून वारं येतं
आणि वसतिगृहाच्या दोन काचा फुटलेल्या.
लिहिलं. पेन मात्र
त्या छापील शब्दापाशी बराच वेळ थांबलं.

सोमवारी वर्गात जमा रक्कम वाचून दाखवायची होती.
निधी म्हणाले, आणि सवयीनं
दोन माना वळल्या तिसऱ्या बाकाकडे.
दोनच; बाकीच्यांच्या माना अजून दुखत होत्या.
तिसऱ्या बाकावरून हात वर आला.
"बाई, आपले किती झाले?"

मला आकडा पाठ होता.
तरी मी वही उघडली,
आणि पान शोधत राहिले.